एका शेतकऱ्याच्या सहा ओळी येतात, डिस्टिंक्ट लावलं तर गाडीच गायब

चोपडा_कॉम्प्युटर, रात्री 11.50

राम राम मंडळी.

माझं चोपड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रोग्रॅमिंग हा धंदा नाही, खाज आहे. मामांची तालुक्यातच जिनिंग आहे. कापसाच्या गाड्यांचा हिशोब दोन वर्षांपूर्वीपर्यंत लाल वहीत असायचा. मी त्यांना पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये छोटा प्रोग्राम करून दिला. काट्यावरचा पोऱ्या भरलेलं आणि रिकामं वजन टाकतो, मुनीम उचल टाकतात, आणि शोधाच्या चौकटीत शेतकऱ्याचं नाव, गाव नाहीतर गाडी नंबर टाकला की हिशोब समोर येतो. यायला पाहिजे. तिथेच घोडं पेंड खातंय.

टेबलं तीन आहेत: शेतकरी, गाड्या, उचल. एका शेतकऱ्याच्या कितीही गाड्या, कितीही उचली. क्वेरी अशी (मोबाईलवरून लिहितोय म्हणून कीवर्ड उच्चाराप्रमाणे, सांभाळून घ्या):

सिलेक्ट शे.नाव, गा.गाडी_नंबर, गा.वजन, उ.रक्कम
फ्रॉम शेतकरी शे
लेफ्ट जॉइन गाड्या गा ऑन गा.शेतकरी_आयडी = शे.आयडी
लेफ्ट जॉइन उचल उ ऑन उ.शेतकरी_आयडी = शे.आयडी

एक आप्पा आहेत. त्यांच्या तीन गाड्या आल्या: 14.20, 14.20 आणि 11.60 क्विंटल. बरोबर 40. उचल दोनदा घेतली: 50,000 आणि 30,000. शोधलं की पडद्यावर हे येतं:

14.20 | 50,000
14.20 | 30,000
14.20 | 50,000
14.20 | 30,000
11.60 | 50,000
11.60 | 30,000

आप्पा एक, ओळी सहा. बेरीज लावली तर वजन 80 क्विंटल आणि उचल 2,40,000. दर 7,000 धरा, म्हणजे तोंडी हिशोब होतो. खरी बाकी 2,00,000 निघते, प्रोग्राम म्हणतो 3,20,000 द्या.

हे मला सीझनच्या आधीच दिसलं होतं. तेव्हा मी बेरजेच्या आत डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणारा शब्द) घातलं, म्हणजे सम(डिस्टिंक्ट गा.वजन) आणि सम(डिस्टिंक्ट उ.रक्कम). चार-पाच जणांचे हिशोब वहीशी ताडून पाहिले, जुळले. मामांना सांगितलं, झालं काम. तीन आठवडे तसंच चाललं.

मग हे आप्पा आले. त्यांची 407 एकच, भरणारे मजूर तेच, आणि आमचा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यात वजन दाखवतो. दोन फेऱ्यांचं वजन तंतोतंत सारखं आलं यात नवल काही नाही. पण डिस्टिंक्टला वाटलं 14.20 हा आकडा एकदा मोजलाय, पुन्हा कशाला. वजन 25.80, बाकी 1,00,600. म्हणजे 99,400 रुपये गायब. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून दोन काटा पावत्या काढल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला विचारलं, "भाऊ, ह्या दोन शेतस का एक?"

मामा काही बोलले नाहीत. चहा मागवला फक्त. ते जास्त लागलं.

प्रश्न दोन.

एक, शेतकऱ्यामागे एकच ओळ पाहिजे. सगळ्या गाड्या एका कप्प्यात, वजनाची बेरीज खरी, उचलीची बेरीज खरी.

दोन, घरी झॅम्पवर (घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचं पॅकेज) ग्रुप बाय शे.आयडी लावून गाडीची तारीखसुद्धा दाखवली की मुकाट्याने चालतं. तीच क्वेरी होस्टिंगवर टाकली की 1055 नंबरची एरर. एकच भाषा, दोन न्याय कसे?


तापीकाठ, रात्री 12.05

सिलेक्टच्या पुढे डिस्टिंक्ट लावा ना सरळ. बेरजेच्या आत नका लावू.


चोपडा_कॉम्प्युटर, रात्री 12.11

दादा, तेही केलंय. त्याने आप्पांच्या चार ओळी येतात. सहातल्या ज्या दोन हुबेहूब आहेत त्या गेल्या, बाकीच्या तशाच. शिवाय त्या ज्या गेल्या ती आप्पांची दुसरी गाडीच होती.


सावद्याची_लेक, सकाळी 7.20

दादा, तुमच्या सहा ओळींत डुप्लिकेट एकही नाही. हे आधी डोक्यात बसू द्या, म्हणजे डिस्टिंक्टचा हात आपोआप सुटेल.

तुम्ही डेटाबेसला सांगितलंत की आप्पांची प्रत्येक गाडी आप्पांच्या प्रत्येक उचलीसमोर उभी कर. त्याने केली. तीन गुणिले दोन, सहा. गाडीचा आणि उचलीचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोघांचा संबंध फक्त आप्पांशी. दोन भावांच्या पोरांना एकमेकांशी जुंपल्यासारखं झालंय. उद्या आप्पांनी पाच गाड्या आणल्या आणि चार उचली घेतल्या तर वीस ओळी येतील. वजन उचलींच्या पटीत फुगतं, उचल गाड्यांच्या पटीत. तुमचाच आकडा बघा: वजन 40 चं 80 झालं, कारण उचली दोन. उचल 80,000 ची 2,40,000 झाली, कारण गाड्या तीन. डिस्टिंक्टने फुगवटा गेला, पण ज्याच्या गाड्यांची वजनं आणि उचलींच्या रकमा सगळ्या वेगवेगळ्या, त्याचाच हिशोब बरोबर दिसणार. वहीशी ताडलेले ते चार-पाच जण बहुतेक तसलेच असतील.

म्हणून जोडायच्या आधी दुमडायचं. गाड्यांचं टेबल वेगळं बसवून शेतकऱ्यामागे एक ओळ करा, उचलीचं वेगळं बसवून एक ओळ करा, आणि मग जोडा. एकाला एक जोडलं की फुगायला जागाच उरत नाही. खालचं ग्रुप_कॉन्कॅट म्हणजे अनेक ओळी जोडून एकच मजकूर करणारं फंक्शन.

सिलेक्ट शे.नाव, शे.गाव, ग.यादी,
ग.एकूण_वजन, इफनल(उ.एकूण_उचल, 0)
फ्रॉम शेतकरी शे
लेफ्ट जॉइन (
सिलेक्ट शेतकरी_आयडी, सम(वजन) ॲज एकूण_वजन,
ग्रुप_कॉन्कॅट(गाडी_नंबर, ' – ', वजन ऑर्डर बाय तारीख सेपरेटर ' | ') ॲज यादी
फ्रॉम गाड्या ग्रुप बाय शेतकरी_आयडी
) ग ऑन ग.शेतकरी_आयडी = शे.आयडी
लेफ्ट जॉइन (
सिलेक्ट शेतकरी_आयडी, सम(रक्कम) ॲज एकूण_उचल
फ्रॉम उचल ग्रुप बाय शेतकरी_आयडी
) उ ऑन उ.शेतकरी_आयडी = शे.आयडी

इफनल विसरू नका. ज्याने उचल घेतलीच नाही त्याच्या उचलीच्या जागी नल (म्हणजे किंमतच नाही) येतो, आणि कुठल्याही रकमेतून नल वजा केला की उत्तर नलच. म्हणजे ज्याला पूर्ण पैसे द्यायचेत त्याचीच बाकी कोरी दिसेल.

आता 1055. तुमच्या झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नाहीच. पीएचपीमायॲडमिनच्या पहिल्या पानावर सर्व्हरचा प्रकार वाचा, मारियाडीबी दिसेल, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच निघालेला वेगळा डेटाबेस. होस्टिंगवर खरं मायएसक्यूएल असणार. मायएसक्यूएलमध्ये 5.7 पासून ओन्ली_फुल_ग्रुप_बाय हा नियम आपोआप चालू असतो: एका गटातून एक ओळ काढायची आणि गटात तारखा तीन असतील, तर नेमकी कुठली ते तुम्ही सांगा, नाहीतर मी चालवणार नाही. मारियाडीबीत हा नियम आपोआप चालू नसतो. ती तिन्हीतली कुठलीतरी एक तारीख उचलून देते आणि गप्प बसते. नेटवर हा नियम बंद करायची युक्ती ढिगाने सापडेल. करू नका. एरर तुमच्या बाजूची आहे. पहिली तारीख पाहिजे तर मिन(तारीख), शेवटची पाहिजे तर मॅक्स(तारीख).

ह्याच दोन सर्व्हरांच्या फरकात आणखी एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय. ग्रुप_कॉन्कॅट किती लांब मजकूर देईल याला मर्यादा असते. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात 1024 बाइट, मारियाडीबीत 10.2.4 पासून दहा लाखांच्या वर. आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजून. म्हणजे मराठीत जेमतेम 341 चिन्हं. माझे वडील केळीवाले. त्यांच्या ग्रुपसाठी मी गावनिहाय बागायतदारांच्या नावांची यादी एका कप्प्यात काढली होती. घरच्या लॅपटॉपवर सगळे होते, होस्टिंगवर विसाव्याच्या आसपास यादी मधेच संपली. एरर नाही, काही नाही, मागे एक वॉर्निंग पडते जी कुणी वाचत नाही. तुमच्या गाडी नंबरांत आकडे जास्त, आकडा एक बाइटचा, त्यामुळे जरा उशिरा कापेल. पण कापेल. क्वेरीच्या आधी हे चालवा:

सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = 100000

शोधाबद्दल एक. गाडी नंबरावरून शोधताना ती अट आतल्या गाड्यांच्या सिलेक्टमध्ये घालू नका. घातली तर यादीत तेवढीच गाडी राहील, बेरीजही तेवढीच, आणि आप्पा पुन्हा पावत्या घेऊन येतील. शेतकरी शोधायचाय, गाडी ही फक्त खूण. बाहेर लिहा:

व्हेअर शे.आयडी इन (सिलेक्ट शेतकरी_आयडी फ्रॉम गाड्या व्हेअर गाडी_नंबर लाइक '%शेवटचे चार आकडे')

आणि पानावर वीस-वीस दाखवायला लिमिट लावलं असेल तर तेही आता नीट चालेल. आधी वीस ओळींत चार-पाचच शेतकरी मावत असतील.


धुळे_18, सकाळी 9.40

ताई, मधेच घुसतो. आमच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर 2014 आहे, ग्रुप_कॉन्कॅट ओळखतच नाही.


सावद्याची_लेक, सकाळी 9.58

त्यात स्ट्रिंग_ॲग आहे, पण 2017 च्या आवृत्तीपासून. 2014 मध्ये फॉर एक्सएमएल पाथचा द्राविडी प्राणायाम करावा लागतो: आत सगळ्या किमती स्वल्पविराम लावून एक्सएमएलच्या नावाखाली चिकटवायच्या आणि पुढचा जादा स्वल्पविराम स्टफने खोडायचा. दिसायला ओंगळ, चालतं व्यवस्थित. नावात अँडचं चिन्ह असेल तर त्याचं भलतंच काही छापून येतं, तेवढं बघा. पोस्टग्रेसमध्ये स्ट्रिंग_ॲग 9.0 पासून आहे, ओरॅकलमध्ये लिस्टॲग 11जीच्या दुसऱ्या रिलीजपासून. नावं वेगळी, दुमडण्याची रीत तीच.


फॉक्सप्रो_नाना, दुपारी 2.15

लेकीने सांगितलं ते सोळा आणे. मी जळगावला दालमिलींचे हिशोब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामात केले, पंचवीसेक वर्षं. तिथे सेट युनिक ऑन म्हटलं की सारख्या किल्लीच्या ओळी इंडेक्सातून दिसेनाशा व्हायच्या. ओळी फाइलमध्ये असायच्या, फक्त दिसायच्या नाहीत. त्या एका वाक्याने मी किती शिव्या खाल्ल्या ते मोजायला वेगळं टेबल लागेल. आणि तो 1055 चा तमाशा आम्ही 2003 मध्येच पाहिला. व्हिज्युअल फॉक्सप्रो 8 आलं, ग्रुप बाय कडक झालं, आणि जुने रिपोर्ट धडाधड पडले. सगळ्यांनी सेट इंजिनबिहेव्हियर 70 लिहून जुनं वागणं परत आणलं आणि झोपले. मीपण.

पण पोरा, तुझा पुढचा घोळ वेगळा येणार आहे, तो आत्ताच सांगतो. लेकीची क्वेरी शेतकऱ्यामागे एक ओळ देईल. पण शेतकरीच टेबलात दोनदा असला तर?

तुझ्या टेबलात गाव हाताने टाइप होतं ना? मग पिंप्री आणि पिंपरी दोन्ही सापडतील, पैज लाव. हे निदान डोळ्याला दिसतं. न दिसणारं सांगतो. भुसावळ तालुक्यात कुऱ्हे पानाचे आहे. त्यातला कुऱ्हे शब्द एकाने ऱ ही वेगळी किल्ली दाबून लिहिला, दुसऱ्याने र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक घालून लिहिला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. आत पहिल्यात सहा चिन्हं, दुसऱ्यात सात. चिन्हं मोजणारं कॅर_लेंथ लावून बघ, 6 आणि 7 येतील. बाइट मोजणारं लेंथ लावलंस तर 18 आणि 21. तुझं कोलेशन (अक्षरं कशी ताडायची याचा नियम) जनरल_सीआय असेल तर त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. ग्रुप बाय गाव करशील तर कुऱ्हे दोनदा येईल आणि तू डोळे चोळत बसशील. मी हेक्स() लावून बाइट बघितले तेव्हा चोर सापडला.

गाव टाइप करू देऊ नकोस, यादीतून निवडायला लाव. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तोच ठेव. मुक्ताईनगरकडे कुऱ्हा आहे, इकडे कुऱ्हे, आणि पिंप्री तर तालुक्यागणिक. बुद्रुक-खुर्द वेगळंच. कोडाशिवाय तुझा निभाव नाही.

माणसांचं मात्र नावावरून कधीही एकत्र करू नकोस. मी एकदा केलं. एकाच गावातले, नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सारखं. म्हटलं मुनीमाने दोनदा टाकलाय, केले एक. एक वरच्या गल्लीतला निघाला, दुसरा खालच्या. दोघांचं आपसात बोलणंही नव्हतं. एकाच्या तुरीचे पैसे दुसऱ्याच्या बाकीतून वळते झाले आणि ते बोलायला लागले, पण माझ्याशी.

खरंच दोनदा टाकलेला असेल तर बँकेचा खातेनंबर जुळतो का बघ, मोबाईल बघ, मग मुनीमाला विचार. एवढं करूनही ओळ पुसू नकोस. शेतकरी टेबलात मूळ_आयडी नावाचा एक कॉलम वाढव. जादा ओळीच्या पुढे खऱ्या ओळीचा आयडी लिही, बाकीच्यांना रिकामा ठेव. गाड्या आणि उचल बसवताना शेतकरी टेबल जोडून ग्रुप बाय इफनल(मूळ_आयडी, आयडी) कर, आणि बाहेरच्या शोधात ज्यांचा मूळ_आयडी रिकामा आहे तेवढेच दाखव. चूक निघाली तर तो एक आकडा पुसला की दोघे पुन्हा वेगळे. पुसलेली ओळ कुठून आणशील?

आणखी एक. ही एका कप्प्यातली यादी शोधाच्या पडद्यापुरती ठेव. हिशोबपट्टी छापताना गाड्या एकाखाली एकच छाप. तारीख, गाडी नंबर, भरलेलं, रिकामं, निव्वळ. आप्पा लोक बोट ठेवून गाड्या मोजतात. उभ्या रेघा मारून एका ओळीत कोंबलंस तर त्यांना वाटतं काहीतरी लपवलं.


सावद्याची_लेक, दुपारी 2.40

नानांची पट्टीची गोष्ट एकदम पटली. आमच्याकडे वडील अजून प्रत्येक कापणीची पावती सुतळीत ओवून ठेवतात.

दादा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही डिस्टिंक्ट वजनावर लावलं होतं तसं उचलीवरही होतं. 50-50 हजारांच्या दोन उचली घेणारे शेतकरी असतील ना? त्यांची एक उचल तीन आठवडे गिळली गेली असणार. आप्पांचं वजन कमी झालं म्हणून ते आले. ज्यांची उचल कमी दिसली ते कशाला येतील?


चोपडा_कॉम्प्युटर, दुसऱ्या दिवशी रात्री 10.30

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. आधार कार्डाची झेरॉक्स उलटी काढून दिली मी.

आधी चांगलं सांगतो. क्वेरी चालली. आप्पा एका ओळीत आले, 40.00 क्विंटल, उचल 80,000, बाकी 2,00,000. पहिल्यांदा चालवली तेव्हा पंधरा-सोळा जणांच्या वजनाच्या जागी कोरं आलं, घाबरलो. ते नुसती उचल घेऊन गेलेले आणि अजून गाडी न आणलेले निघाले, म्हणून वजनालाही इफनल लावलं. मुनीम म्हणाले ही यादी रोज काढून देत जा. झॅम्पवर खरंच मारियाडीबी आहे, इतकी वर्षं मी मायएसक्यूएल समजत होतो. एमएच-19 आणि एमएच-18 च्या गाड्या नंबराने शोधून पाहिल्या, शेतकऱ्याच्या सगळ्या फेऱ्या दिसतात.

नाना, पैज जिंकलात. पिंप्री तीन प्रकारे सापडली, एकात तर शेवटी स्पेस आहे. कुऱ्ह्याचं कुणी नाही, पण गोऱ्हे आडनावाचे एक आहेत, ते 6 आणि 7 असे दोनदा निघाले. खातेनंबर एकच. मूळ_आयडी लावलाय, पुसलं काही नाही. पट्टी तुम्ही म्हणता तशी एकाखाली एक केली. मामांनी त्यावर भरलेलं-रिकामं वजन बघितलं आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले.

आता उचलीचं. जुन्या क्वेरीचा आणि नव्या क्वेरीचा आकडा शेजारी शेजारी लावला, फरक असलेले काढले. वजन कमी दाखवलेले आप्पा एकटेच. सारख्या रकमेच्या उचली घेतलेले आणि एक गिळली गेलेले चार. चौघांचे हिशोब चुकते झालेत, रक्कम जास्त गेलीय. चौघांपैकी कुणीही पावती घेऊन आलं नव्हतं.

त्यातले एक मामांचे व्याही आहेत. तिथे जाऊन बोलायला मुनीम तयार नाहीत, मामाही नाहीत. परवा नवी पट्टी छापून मलाच पाठवताहेत.